ठाण्या-नवी मुंबईत टिकणारा बांबू: ओळखायचा कसा, लावायचा कुठे?

कोलशेतकट्टा | १४ मे, सकाळी ९:१०

सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत १८ मीटर लांब आणि जेमतेम ९० सेंटीमीटर रुंद पट्टा मोकळा आहे. भिंतीपलीकडे पावसाळी गटार, अलीकडे पेव्हर ब्लॉक. जमीन भरावाची: वर फूटभर मुरूम, खाली चिकट काळी माती, मधेमधे रॅबिट (बांधकामाचा राडारोडा). समोरच्या इमारतीच्या खिडक्यांपासून आडोसा हवा आहे, ४ मीटर उंची पुरे.

रोपवाटिकेत तीन प्रकार मिळतायत. 'गोल्डन', 'चायनीज' आणि 'थाई', तिन्ही पिशवीत, तिन्ही कमरेएवढे, काठ्या पेन्सिलीच्या जाडीच्या. जातीचं नाव विचारलं की सगळीकडे वेगळं उत्तर.

१) ही रोपं नेमकी कुठली हे कसं ओळखायचं?
२) पालिकेच्या बागेत मनगटाएवढ्या जाड पिवळ्या काठ्यांचं, हिरव्या पट्ट्यांचं मोठं बेट आहे. 'गोल्डन' म्हणजे तेच का?
३) आपल्याकडच्या पावसाला, उकाड्याला आणि भरावाच्या जमिनीला सगळ्यात चिवट कोणता?

---

गच्चीबाग | १४ मे, सकाळी ९:३२

आधी सूचना: सभेच्या विषयपत्रिकेत 'बांबूची लागवड' असं पूर्ण लिहा. नुसतं 'सेक्रेटरींनी बांबू लावायचा' असं लिहिलंत तर सभा तिथेच संपेल. :)

---

येऊरवासी | १४ मे, सकाळी १०:०५

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. बागेतलं बेट बहुतेक बांबुसा व्हल्गॅरिस, 'व्हिटाटा' हा पिवळा प्रकार. सार्वजनिक बागांमधून सर्वात जास्त हाच दिसतो, कारण काठीचा तुकडा मातीत पुरला तरी फुटतो. उंची १० ते २० मीटर, काठी ४ ते १० सेंटीमीटर. तुमच्या ९० सेंटीमीटरच्या पट्ट्यात हा चुकूनही नको. पाचसहा वर्षांत पेव्हर उचलेल, भिंतीला रेटा देईल.

रोपवाटिकेतला 'गोल्डन' हाच आहे की दुसरा काही, हे काठीच्या जाडीवरून ठरवू नका. बांबूची काठी जमिनीतून येते तीच कायमच्या जाडीची, वर आल्यावर ती फुगत नाही. जाडी वाढते ती पुढच्या वर्षीच्या नव्या कोंबाची. त्यामुळे पिशवीतला व्हिटाटा आणि पिशवीतला कुंपणाचा बांबू, दोन्ही पेन्सिलीएवढेच दिसणार.

---

मृद्गंध | १४ मे, दुपारी १२:४०

येऊरवासींना +१. ओळखायचं ते कोंबावरच्या सालपटावरून. नवी काठी वर येताना प्रत्येक पेरावर (गाठीवर) एक खवल्यासारखं आवरण असतं. नंतर ते सुकून गळतं. बेटाच्या बुडाशी वाकून बघा, पाचदहा तरी पडलेली सापडतात. एक अख्खं उचला (हातमोजे घालून, काहींची लव कातडीत शिरते आणि दिवसभर खाजते) आणि उजेडात धरा. तीन गोष्टी बघायच्या: पाठीवर लव आहे का आणि कुठल्या रंगाची, वरच्या टोकाला दोन्ही बाजूंना कानासारख्या पाळ्या आहेत का, आणि वरचं छोटं पातं ताठ आहे की मागे वळलेलं.

आपल्याकडे भेटणाऱ्यांपुरतं सांगतो:

व्हल्गॅरिस (हिरवा आणि पिवळा दोन्ही): पाठीवर काळपट तपकिरी दाट लव, कान मोठे, ठळक, कडेला केस.

बांबुसा मल्टिप्लेक्स, म्हणजे कुंपणाचा बांबू: सालपट गुळगुळीत, कान जवळजवळ नाहीतच. शिवाय पान उलटून बघा, खालची बाजू चंदेरी-निळसर. एका पेरातून बारीक फांद्यांचा झुपका निघतो, सगळ्या जवळपास सारख्या जाडीच्या.

थाई, म्हणजे थिर्सोस्टॅकिस सियामेन्सिस: सालपट गळतच नाही. कागदासारखं, वाळक्या गवताच्या रंगाचं, काठीला वर्षानुवर्षं चिकटून राहतं. काठ्या एकमेकींना घासतील इतक्या जवळ, आणि पेराखाली पांढरं कडं.

मानवेल, म्हणजे डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस: सालपटावर सोनेरी-तपकिरी लव, कान नगण्य. काठी भरीव किंवा जवळजवळ भरीव.

कळक, म्हणजे बांबुसा बाम्बोस: याला सालपट बघायची गरज नाही, पेरापेरावर दोन-तीन वाकडे काटे असतात. लहान मुलांच्या खेळाच्या जागेजवळ हा असेल तर उद्यान विभागाला लेखी कळवा.

'गोल्डन'बद्दल: मल्टिप्लेक्सचाही एक पिवळा प्रकार आहे, 'अल्फोन्स कार'. पिवळ्या काठीवर अनियमित हिरव्या रेघा, नवा कोंब गुलाबीसर. लहानपणी व्हिटाटासारखाच दिसतो. तुम्हाला जर कुंपणाला योग्य 'गोल्डन' हवा असेल तर तो हा.

---

निंबोणी | १४ मे, दुपारी १:१५

आणि जे मुळात बांबू नाहीत तेही बाजूला काढा. 'लकी बांबू' ही ड्रॅसिना, 'बांबू पाम' हा ताड कुळातला, आणि कुंडीतलं झिपऱ्या पानांचं 'बेबी बांबू' म्हणजे पोगोनाथेरम नावाचं गवत. तिन्ही घरात छान दिसतात, पण त्यांच्यावर आडोशाचा हिशेब करू नका.

---

कोलशेतकट्टा | १४ मे, रात्री ८:५०

मृद्गंध, खूप आभार. 'चायनीज'च्या काठीवर एका बाजूला लांब खोबण आहे आणि प्रत्येक पेरातून दोनच फांद्या निघतात. हे तुमच्या यादीत बसत नाही.

---

येऊरवासी | १४ मे, रात्री ९:२०

मग तो फायलोस्टॅकिस गटातला, बहुधा 'ऑरिया'. तो घेऊ नका. खोबण आणि दोन फांद्या ही त्या गटाची खूण. बाकी आपण बोलतोय ते सगळे बेट करणारे बांबू आहेत, कंद (जमिनीखालचं खोड) आखूड, कोंब आईच्या कुशीत येतो. फायलोस्टॅकिसचा कंद जमिनीखाली धावतो आणि दोन-तीन मीटरवर, पेव्हरच्या फटीतून वर येतो. तो मुळात थंड हवेचा. दमट उकाड्यात त्याचा जोम कमी पडतो, पण मुळं पसरतातच.

काळ्या काठ्यांच्या बांबूतही हाच घोळ आहे. फायलोस्टॅकिस नायग्रा धावणारा आणि थंडीतला, तर बांबुसा लाको उष्ण प्रदेशातला आणि बेट करणारा. खोबण असेल तर पहिला. ठाण्यात काळा हवा असेल तर दुसराच मागा.

---

माणगाप्रेमी | १५ मे, सकाळी ७:४५

सगळी चर्चा परदेशी जातींची चालली आहे म्हणून लिहितो. आपल्या कोकणाचा स्वतःचा बांबू आहे, माणगा. डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्साय. सिंधुदुर्गात बांधाबांधावर लावतात. काटे नाहीत, काठी सरळ, जवळजवळ भरीव, अडीच ते सहा सेंटीमीटर जाडीची, उंची साधारण ९-१० मीटर. काठ्या सुट्यासुट्या उभ्या राहतात, त्यामुळे आत हात घालून तोडता येतात. आपला पाऊस, आपली जांभी माती हेच त्याचं घर. चिवट कोणता हे विचारलंत तर उत्तर हे आहे.

---

मृद्गंध | १५ मे, सकाळी ८:३०

@माणगाप्रेमी, जात उत्तम, सहमत. पण काठ्या सुट्या उभ्या राहतात म्हणजेच बेट जागा जास्त घेतं. त्याला चहूबाजूंनी निदान तीन मीटर सोडावे लागतात. ९० सेंटीमीटरमध्ये दर वर्षी बाहेर आलेले कोंब छाटत बसावं लागेल, आणि बिचाऱ्या झाडाचं रूपही जाईल. माणगा सार्वजनिक भूखंडावर, टेकडीच्या पायथ्याला, तळ्याच्या वरच्या काठावर लावावा. पालिकेने पिवळ्या व्हल्गॅरिसऐवजी तिथे माणगा लावावा असं मलाही मनापासून वाटतं.

---

माणगाप्रेमी | १५ मे, सकाळी ८:५२

जागेचा मुद्दा मान्य. पण मग थाई का नको? त्याचं बेट तर सगळ्यात घट्ट.

---

येऊरवासी | १५ मे, सकाळी ९:३०

घट्ट आहे, पण उंची ७ ते १३ मीटर जाते. शेंडे कापले तर काठीची उंची तिथेच थांबते आणि बाजूच्या फांद्या दाट होतात, म्हणजे ४ मीटरला राखता येतो. मात्र प्रत्येक नवी काठी दर पावसाळ्यानंतर शिडी लावून कापावी लागेल. १८ मीटरच्या पट्ट्यात दरवर्षी ते कोण करणार, हे आधी ठरवा. मल्टिप्लेक्स स्वतःच ३ ते ७ मीटरचा आहे, काठी बोटाएवढी, साध्या कात्रीने कापता येते.

---

सानपाडाकर | १५ मे, दुपारी ३:००

आमच्याकडचा प्रश्न वेगळा आहे. खाडी बुजवून केलेली जमीन, मीटरभर खणलं की मचूळ पाणी. लावलेल्या बांबूंची पानं टोकाकडून करपतात. कुठली जात मीठ सोसते?

---

खारफुटी | १५ मे, संध्याकाळी ६:१०

खरं सांगायचं तर मिठात रमणारी अशी बांबूची जात बागेसाठी मिळत नाही. व्हल्गॅरिस बाकीच्यांपेक्षा थोडं जास्त सहन करतो इतकंच. तेव्हा मुळांना मिठापासून वर उचला. बांबूची तंतुमुळं बहुतेक वरच्या ३० ते ६० सेंटीमीटरमध्येच असतात, त्यामुळे ६० सेंटीमीटर उंचीचा वाफा किंवा वरंबा बांधून त्यात गोडी माती भरली की काम होतं. जूनच्या दोन-तीन मुसळधार सरींनी वरच्या थरातलं मीठ धुऊन जातं. उन्हाळ्यात मात्र ते केशाकर्षणाने परत वर चढतं. ते रोखायला १० सेंटीमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन आणि आठवड्यातून दोनदा भरपूर गोडं पाणी. रोज थोडं थोडं शिंपडलंत तर मीठ मुळांपाशीच साचतं, आणि टोकं करपतात ती त्यामुळेच. बोअरचं पाणी देत असाल तर आधी ते तपासून घ्या.

पाम बीच रस्त्याच्या बाजूला खाडीवरचा वारा थेट लागतो. तिथे पहिली दोन वर्षं रोपाला टेकू द्या आणि वाऱ्याच्या बाजूला हिरवी जाळी लावा.

---

पारसिकवाट | १५ मे, संध्याकाळी ७:०२

टोकं करपणं आणि मार्च-एप्रिलमधली पानगळ यांत गल्लत करू नका. उन्हाळ्याच्या तोंडी जुनी पानं पिवळी पडून गळतात आणि लगेच नवी येतात, ते नैसर्गिक आहे. पानं सुरळीसारखी गुंडाळली तर तहान. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोह मिळत नाहीये, आणि भरावाच्या जमिनीत हे हमखास दिसतं, कारण रॅबिटमधल्या चुन्याने माती अल्कधर्मी होते. फेरस सल्फेट लिटरला ३ ग्रॅम, संध्याकाळी फवारणी, पंधरा दिवसांनी परत. खरा उपाय खड्ड्यातलं रॅबिट वेचून काढणं हाच.

---

कोलशेतकट्टा | १६ मे, सकाळी ८:२०

तर मल्टिप्लेक्स जवळजवळ नक्की. खड्डा, अंतर, माती याबद्दल कुणी आकडे देईल का? खालची चिकट माती बघून धाकधूक वाटते.

---

मृद्गंध | १६ मे, सकाळी १०:४५

आधी निचरा तपासा. ४५ सेंटीमीटर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी परत भरून पट्टी उभी करा. तासाला २ सेंटीमीटरपेक्षा कमी उतरलं तर तिथे खड्डा ही चूक आहे. चिकट मातीत खड्डा म्हणजे हौद. जुलैमध्ये त्यात पाणी भरून राहतं, कंद कुजतो, आणि ऑगस्टमध्ये 'एवढा पाऊस असून झाड कसं वाळलं' असा प्रश्न पडतो. अशा जागी ३० सेंटीमीटर उकरा, गटाराच्या दिशेने उतार द्या आणि वर ४५ सेंटीमीटरचा वरंबा करा. मात्र वरंब्याची माती भिंतीला टेकवू नका, ओल आत जाते. मधे वीतभर फट ठेवा.

पाणी नीट उतरत असेल तर ६०×६०×६० सेंटीमीटरचा खड्डा. निघालेली चांगली माती दोन भाग, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, निंबोळी पेंड खड्ड्याला अर्धा किलो. ताजं शेण अजिबात नको, वाळवी येते.

अंतर ७५ सेंटीमीटर. १८ मीटरला दोन्ही टोकं धरून २५ रोपं. पेव्हरच्या बाजूने ६० सेंटीमीटर खोल जाड एचडीपीई (टणक प्लास्टिकचा) पत्रा उभा पुरा, वरची कड जमिनीवर ५ सेंटीमीटर दिसू द्या. बेट करणारा असला तरी दरवर्षी थोडा थोडा बाहेर सरकतोच.

लावायची वेळ: पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावर, जुलैच्या मध्यापर्यंत. पिशवी चिरून काढा, मातीचा गोळा फोडू नका, पिशवीत होतं त्यापेक्षा दोन बोटंच खोल लावा.

---

गच्चीबाग | १६ मे, दुपारी ४:३०

गच्चीवर लावणाऱ्यांसाठी. २०० लिटरचा निळा ड्रम मधून कापून दोन कुंड्या होतात. साधी माती भरली तर ओला अर्धा ड्रम दीडशे किलोच्या वर जातो. लाल माती ४ भाग, कोकोपीट ३, गांडूळखत ३ असं मिश्रण घेतलं तर बरंच हलकं होतं. तरी ड्रम तुळईच्या वरच ठेवा, स्लॅबच्या मधोमध नाही. बुडाला ५-६ भोकं १२ मिलीमीटरची, आणि खाली विटा देऊन ड्रम उचला, म्हणजे वॉटरप्रूफिंगवर पाणी तुंबत नाही.

दोन-तीन वर्षांत कंदांनी ड्रम गच्च भरतो, पाणी वरून कडेने वाहून जातं आणि झाड तहानलेलंच राहतं. मग ड्रम आडवा पाडून गोळा बाहेर काढा, करवतीने दोन भाग करा, अर्धा परत लावा.

कुंडीत शोभेसाठी फुगीर कांड्यांचा 'बुद्धा बेली' मागतात. त्यातही दोन आहेत. व्हेंट्रिकोसा कुंडीत, कमी पाण्यावर फुगतो, जमिनीत लावला की सरळ वाढतो. व्हल्गॅरिसचा 'वामिन' जमिनीतही फुगतो, बुडाची कांडी आखूड आणि घागरीसारखी.

---

निंबोणी | १७ मे, सकाळी ११:१०

छाटणीबद्दल कुणीच लिहिलं नाही. तीन वर्षांपर्यंत फक्त मेलेल्या काड्या काढा. चौथ्या वर्षापासून दरवर्षी तीन वर्षांहून जुन्या काठ्या तोडायच्या. पहिल्या वर्षाची काठी ताजी, पांढरट भुकटी लागलेली, सालपट चिकटलेलं. दुसऱ्या वर्षाची स्वच्छ हिरवी. तिसऱ्यानंतर रंग मळतो, दगडफुलासारखे डाग येतात, टिचकी मारली की टणक आवाज येतो. तोड ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात बेटात शिरलात तर कोवळे कोंब मोडतात आणि पुढच्या वर्षाची सगळी वाढ जाते.

कापताना पेराच्या अगदी वर कापा. दोन पेरांच्या मधे कापलं तर खुंटाची वाटी होते, त्यात पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास त्यातच अंडी घालतात. जुन्या खुंटांत माती किंवा वाळू भरून टाका. सार्वजनिक बागेतही हे दिसलं तर सांगा.

---

माणगाप्रेमी | १७ मे, दुपारी १:००

तोड अंधाऱ्या पक्षात करावी, म्हणजे काठीला भुंगा लागत नाही, असं गावाकडे पक्कं मानतात.

---

येऊरवासी | १७ मे, दुपारी २:१५

भुंगा येतो तो काठीतल्या पिष्टासाठी. हिवाळ्यात पिष्ट कमी असतं, पावसाळ्याच्या तोंडी जास्त, त्यामुळे ऋतूचा फरक मोठा आहे. व्हल्गॅरिसमध्ये पिष्ट मुळातच जास्त, म्हणून त्याची काठी मांडवाला वापरली की वर्षात पिठासारखा भुगा पडू लागतो. तोडलेल्या काठ्या दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी पद्धत यासाठीच आहे, पिष्ट धुऊन जातं. पक्ष कुठलाही पाळा, पण हे चुकवू नका.

---

पारसिकवाट | १७ मे, रात्री ९:४०

थोडं विषयांतर. कारवी सात वर्षांनी एकदम फुलते तसाच मानवेल आणि कळकही काही दशकांनी सगळा एकदम फुलतो आणि मरतो. जुन्या बेटाच्या काठीपासून किंवा कंदापासून केलेलं रोप दिसायला नवं असलं तरी वय आईचंच घेऊन येतं. म्हणून या दोन जाती घेताना बियांपासूनची रोपं मागा. व्हल्गॅरिस क्वचितच फुलतो, त्याची चिंता नाही.

---

सानपाडाकर | १८ मे, सकाळी ७:३०

काठीपासून रोप करायचं झालं तर? पुरलेले तुकडे फुटतात, हिरवेगार होतात, उचलून लावले की आठवड्यात मरतात.

---

मृद्गंध | १८ मे, सकाळी ९:००

कारण पालवी आधी येते आणि मुळं नंतर. दोन-तीन आठवड्यांत दिसणारी हिरवाई काठीत साठवलेल्या अन्नावरची असते. मुळं धरायला दोन-तीन महिने जातात.

व्हल्गॅरिससाठी मार्च-एप्रिलमध्ये दीड-दोन वर्षांची काठी घ्या. दोन पेरांचा तुकडा, दोन्ही टोकांना थोडी काठी शिल्लक ठेवून. फांद्या दोन बोटं ठेवून छाटा, फांदीच्या बुडाचा डोळा (अंकुर) दुखवू नका. मधल्या पोकळीला वरून छोटं भोक पाडा, पाणी भरा, भोक प्लास्टिकने बांधा. भोक वर आणि डोळे बाजूला येतील असा तुकडा वाफ्यात आडवा ठेवून पाच सेंटीमीटर मातीने झाका. सावलीची जाळी, रोज पाणी. उचलण्याआधी बाजूची माती बोटाने उकरून मुळं बघा. पांढरी आणि फांदी फुटलेली असतील तरच हलवा.

मल्टिप्लेक्सला हा खटाटोप नको. जूनमध्ये बेट फोडून तीन-तीन काठ्यांचे कंद वेगळे करा, काठ्या मीटरभर ठेवून कापा आणि त्याच दिवशी लावा.

---

कोलशेतकट्टा | ५ जुलै, संध्याकाळी ७:२५

धागा वर काढतोय. निचऱ्याची चाचणी केली: तासाला १ सेंटीमीटर, म्हणून वरंबा केला, भिंतीपासून वीतभर सोडून. 'गोल्डन' दोन रोपवाटिकांतून बघितला. एका ठिकाणच्या कोंबाच्या सालपटावर काळी लव आणि मोठे कान. दुसऱ्या ठिकाणी सालपट गुळगुळीत, कान शोधावे लागले, पान उलटलं तर चंदेरी, कोंबाचं टोक गुलाबी. काठीवरच्या हिरव्या रेघा प्रत्येक कांड्यात वेगळ्या. दुसरी २५ रोपं घेऊ ना?

---

मृद्गंध | ५ जुलै, रात्री ८:०५

घ्या, ती अल्फोन्स कार. पहिली व्हिटाटा. रोपं निवडताना प्रत्येक पिशवीत निदान एक नवा कोंब फुटतोय ना ते बघा. नुसत्या तीन जुन्या काठ्या असतील आणि कोंब नसेल तर ते रोप वर्षभर बसून राहतं.

---

निंबोणी | ५ जुलै, रात्री ८:४०

पानाच्या मागे पांढरा कापूस असेल तर ती पिशवी परत करा, पिठ्या ढेकूण आहे. थोडा असेल तर निंबोळी तेल लिटरला ५ मिली, त्यात थोडा द्रव साबण, आणि पाऊस उघडलेल्या संध्याकाळी फवारा. लावल्यावर आच्छादन काठीला चिकटवू नका, चार बोटं सोडा.

---

खारफुटी | ६ जुलै, सकाळी ६:५०

आणि गटाराच्या बाजूची माती पहिल्या जोरदार पावसात वाहून जाईल. वरंब्याच्या त्या कडेला आजच गवताच्या पेंढ्या किंवा नारळाच्या शेंड्या दाबून ठेवा.